कुत्रा कचऱ्याच्या डब्यात तोंड घालतो तेव्हा

 

आजचा विषय ऐकून काही घरांत हशा पिकेल, तर काही घरांत नवरा-बायको एकमेकांकडे बघतील. विषय आहे घरातला कुत्रा आणि स्वयंपाकघरातला कचऱ्याचा डबा. दोघंही कामावर, मुलं शाळेत. संध्याकाळी दार उघडावं तर हॉलभर चहाचा चोथा, कोळंबीची सालं, चघळलेले टिश्यू, आणि सोफ्यामागे कान पाडून बसलेले आपले चिरंजीव. मग ओरडाआरडा, साफसफाई, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच.

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, अशी आपल्याकडे म्हण आहे. शेपटाचं खरं असेल, पण डब्याच्या सवयीचं तसं नाही. ही सवय सुटते. गडबड होते ती क्रमात. आपण आधी कुत्र्याला सुधारायला जातो आणि डबा आहे तिथेच ठेवतो. आज हा क्रम उलटा लावूया. आधी डबा, मग कुत्रा. घर घाण होतं हे तर आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की मराठी स्वयंपाकघराच्या कचऱ्यात कुत्र्याच्या जिवावर बेतेल असं बरंच काही असतं.

तो असं का करतो?

पहिली गोष्ट, तो तुमच्यावर सूड उगवत नाही. 'एकटं ठेवलं म्हणून मुद्दाम केलं' हे आपण म्हणतो, त्याच्या डोक्यात ते नसतं. उरलंसुरलं शोधून खाणं हा कुत्र्याचा फार जुना धंदा आहे. अमेरिकन अभ्यासक रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर यांनी २००१ सालच्या आपल्या पुस्तकात असं मांडलं, की माणसांच्या वस्तीजवळच्या उकिरड्यावर जगायला शिकलेल्या लांडग्यांपासून हळूहळू कुत्रा घडला. यावर तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. पण स्वीडनच्या उप्सला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिलं, की पिष्टमय अन्न पचवायला लागणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. म्हणजे आपली भाकरी-पोळी पचवण्याची तयारी त्याच्या अंगातच आहे. आपल्याला जो कचरा वाटतो, ते त्याच्या नाकाला झाकून ठेवलेलं ताट वाटतं.

आपल्या इथे आणखी एक भर आहे. रस्त्यावरून किंवा वाळवंटाच्या कडेवरून आणलेले, अंगात सलुकीचा थोडाफार अंश असलेले 'डेझर्ट डॉग' पाळणारी बरीच घरं यूएईत आहेत. अशा कुत्र्याने लहानपणी कचऱ्यावरच पोट भरलेलं असतं. त्याच्यासाठी डबा उघडणं हा खोडसाळपणा नाही, कमाई आहे.

दुसरी गोष्ट थोडी बारकाईने समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. डबा रोज काही देत नाही. कधी नुसता कागद, कधी कांद्याची सालं, आणि एखाद्या शनिवारी मटणाची नळी. आपल्याला वाटतं, रोज मिळत नाही तर कंटाळून सोडून देईल. होतं उलटं. कधीतरीच मिळणाऱ्या बक्षिसाची सवय सगळ्यांत चिवट असते, हे मानसशास्त्रज्ञ फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ सालच्या ग्रंथात प्रयोगांनिशी मांडलं. ते पटायला ग्रंथ वाचायला नको. ऑफिसात दहा जण मिळून वर्षानुवर्षं अबुधाबीच्या बिग तिकिटाचे पैसे का भरतात ते बघा. कधीतरी, कुणाला तरी लागतं, एवढं पुरतं. आपल्या कुत्र्याचं तिकीट म्हणजे तो डबा. म्हणून 'आठवड्यात सहा दिवस झाकण नीट लावतो, एखाद्या दिवशी राहून जातं' हे कधीच न लावण्यापेक्षाही वाईट ठरू शकतं.

ओरडून काय होतं?

घरी आल्यावर आपण ओरडतो, तो मान खाली घालतो, शेपूट पायांत घेतो. आपण म्हणतो, बघा, चूक कळते त्याला. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवर एक साधा प्रयोग केला. मालकाने 'खाऊ नको' असं बजावून खोलीबाहेर जायचं. मागे कधी कुत्रा खाऊ खायचा, कधी खायचा नाही. मालकाला मात्र कधी खरं सांगितलं जायचं, कधी खोटं. निष्कर्ष असा, की तो 'अपराधी चेहरा' कुत्र्याने खाल्लं की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो दिसायचा. आणि काहीही न खाता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांमध्ये तो सर्वांत ठळक होता.

म्हणजे आपल्याला जो पश्चात्ताप वाटतो, ती भीती असते. दुपारी एक वाजता फोडलेला डबा आणि संध्याकाळी साडेसहाचा तुमचा आवाज यांची सांगड कुत्रा घालू शकत नाही. तो एवढंच शिकतो, की संध्याकाळी दार उघडलं की घरातली माणसं भीतीदायक होतात. डब्यावर मिरची पूड टाकणं, मोठ्या आवाजाचे डबे रचून ठेवणं, नाक कचऱ्यात दाबणं यांपैकी काहीही करू नका. एक तर कुत्रा बिथरतो, नाहीतर आपण नसताना काम उरकायला शिकतो.

कचऱ्यात काय काय असतं?

आता आपल्याच डब्यात डोकावूया.

कांदा आणि लसूण. कच्चा, शिजलेला, वाटणातला, पावडर, सगळाच. यांतले घटक कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे साधारण १५ ते ३० ग्रॅम कांदा घातक ठरू शकतो. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दीड-दोन मोठे कांदे पुरतात. ओल्या खोबऱ्याच्या वाटणाची खरवड आणि उरलेला रस्सा एकदम मिळाला तर एवढं सहज पोटात जातं. याचा परिणाम लगेच दिसत नाही, काही दिवसांनी दिसतो.

द्राक्षं, मनुका, बेदाणे. शिऱ्यातले, मोदकाच्या सारणातले, श्रीखंडातले. काही कुत्र्यांची मूत्रपिंडं थोड्याशा मनुकांनीही निकामी होतात. कुणाला किती चालेल हे आधी सांगता येत नाही. यांतला अपायकारक घटक टार्टारिक आम्ल असावा, असं अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधेवर काम करणाऱ्या पशुवैद्यांनी २०२१ साली मांडलं. आणि हे आम्ल आपल्या चिंचेत भरपूर असतं. तेव्हा कोळ काढून उरलेला चिंचेचा चोथाही धोक्याच्या यादीत टाका.

चहाचा चोथा, कॉफीचा गाळ, चॉकलेट. कॅफीन आणि थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतात. छाती धडधडते, अंग थरथरतं, झटके येतात. दुधातला गोडसर चहाचा चोथा तर त्याला आवडतोच.

आंब्याची कोय, मक्याचं दाणे खाऊन उरलेलं कणीस, शिजलेली हाडं. एप्रिल-मेमध्ये हापूसची पेटी घरी आली, आमरस झाला, की डब्यात कोयी. गोड लागते म्हणून कुत्रा आख्खी कोय गिळतो आणि ती आतड्यात अडकते. मग शस्त्रक्रियेशिवाय मार्ग नसतो. शिजलेलं कोंबडीचं हाड टोकदार चिरफळ्या होऊन तुटतं. मटणाच्या हाडाचंही तेच.

बुरशी आलेला पाव, चीज, अक्रोड. काही बुरशींच्या विषाने कुत्र्याला कंप सुटतो, झटके येतात. इथल्या उन्हाळ्यात, एसी बंद करून बाहेर गेलात, तर डब्यातलं अन्न एका दिवसात बिघडतं.

बिनसाखरेचं च्युइंग गम. त्यात झायलिटॉल असेल, तर कुत्र्याच्या रक्तातली साखर धोकादायक इतकी खाली येते.

आणि जे अन्न नाहीच ते. वेदनाशामक गोळ्यांच्या पट्ट्या, डायपर, सॅनिटरी पॅड, मटणाच्या रक्ताने भिजलेला सुपरमार्केटच्या ट्रेमधला पॅड, वेफर्सची रिकामी पाकिटं. पाकिटाचं विशेष सांगतो. कुत्रा चुरा चाटायला तोंड आत घालतो, श्वास घेताना पाकीट नाकाला चिकटतं, आणि ते काढायला त्याला हात नाहीत. काही मिनिटांत तो गुदमरू शकतो. म्हणून पाकीट टाकण्याआधी कात्रीने उभं चिरून टाका. पाच सेकंदांचं काम आहे.

आधी डबा

आता कामाला लागूया. पहिले दोन आठवडे ध्येय एकच. कुत्र्याला डब्यातून काहीही, एकदाही मिळता कामा नये.

दाराच्या कडीला पिशवी अडकवायची आपली सवय आधी सोडा. पूर्वी किराणाच्या पिशव्या भरपूर यायच्या, त्याच कपाटाच्या मुठीला लटकायच्या. दुबईत १ जानेवारी २०२४ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली आणि त्या कमी झाल्या, पण जी काही पिशवी लटकते ती बरोबर कुत्र्याच्या नाकासमोर.

सगळ्यांत चांगली जागा म्हणजे सिंकखालचं कपाट, आणि त्याला लहान मुलांसाठी मिळतं ते चिकटवायचं लॉक. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायचं नसेल, तर हे लॉक बरं. कपाटात जागा नसेल, तर पायाने उघडणारा, झाकणाला खटका असलेला जड डबा घ्या. हलका प्लास्टिकचा डबा कुत्रा आडवा पाडतो, आणि आडवा पडला की झाकण असून नसून सारखंच. इथल्या बऱ्याच फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला दार असतं. बाहेर पडताना ते लावणं हा फुकटचा उपाय. दार नसेल, तर दोन भिंतींमध्ये दाबून बसणारं लहान मुलांचं गेट मिळतं, त्यालाही भोकं लागत नाहीत.

ओल्या कचऱ्यासाठी एक युक्ती ध्यानात ठेवा. मासळीची डोकी, कोळंबीची सालं, हाडं, चरबी हे डब्यात टाकूच नका. झाकणाच्या डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवा आणि बाहेर नेताना थेट पिशवीत टाका. वास नाही, झुरळं नाहीत, कुत्र्याला आमंत्रण नाही. बहुतेक टॉवरमध्ये प्रत्येक मजल्यावर गार्बेज शूट असतोच, तेव्हा रात्री झोपण्याआधी आणि सकाळी निघण्याआधी पिशवी तिथे गेलीच पाहिजे. व्हिलात राहत असाल, तर बाहेरच्या मोठ्या डब्याचं झाकण आणि गेट, दोन्ही बघा.

बाथरूम आणि बेडरूममधले छोटे डबे विसरू नका. पॅड, डायपर, औषधांच्या पट्ट्या तिथेच असतात. हे डबे उंचावर ठेवा किंवा दारं बंद.

आणि पाहुण्यांचा दिवस. घरी दीड दिवसाचा गणपती असो की दिवाळीचा फराळ, पंचवीस माणसं जेवून गेली की कागदी ताटांची पिशवी बाल्कनीच्या दाराशी उघडी पडते. पाहुणे यायच्या आधीच ठरवा. भरलेली पिशवी कुणी, कधी खाली न्यायची, आणि तोवर ती कोणत्या बंद दारामागे ठेवायची.

मग कुत्रा

डबा बंद झाला की शिकवणं सोपं जातं. एकच शब्द निवडा. बाबा म्हणतात 'नो', मुलं म्हणतात 'लीव्ह इट', घरकाम करणाऱ्या ताई आणखी काही म्हणतात, असं झालं तर कुत्र्याने ऐकायचं कुणाचं? 'सोड' हा शब्द छान आहे, छोटा आहे, आणि ताई केरळच्या असोत की फिलिपिन्सच्या, त्यांनाही सहज म्हणता येतो.

शिकवायचं असं. मुठीत त्याच्या रोजच्या खाण्यातले दोन दाणे धरा. तो हुंगेल, चाटेल, पंजा मारेल. गप्प बसा. ज्या क्षणी तो नाक मागे घेईल, त्या क्षणी 'शाब्बास' म्हणा आणि दुसऱ्या हातातून त्याहून चांगला खाऊ द्या, उकडलेल्या चिकनचा बिनहाडाचा तुकडा वगैरे. चार-पाच दिवसांत तो मूठ दिसताच मागे सरेल. आता 'सोड' हा शब्द जोडा. मग दाणे जमिनीवर, तळव्याखाली. मग तळवा उचलून. मग पट्टा लावून स्वच्छ, रिकाम्या डब्याजवळ. रोज दोन वेळा, पाच-पाच मिनिटं पुरे. शाळकरी मुलंही हे करू शकतात, मोठं कुणी सोबत असलं की झालं.

याच्या जोडीला स्वयंपाकघराचा उंबरठा ही लक्ष्मणरेषा करा. बाहेर त्याची चटई टाका. तुम्ही पोळ्या लाटत असताना तो चटईवर बसला, की खाऊ चटईवर पोचवा. आत आला तर काही नाही. काही दिवसांत त्याला हिशेब कळतो, की स्वयंपाकघरापेक्षा चटई जास्त देते.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. 'सोड' हा शब्द कुणीतरी घरात असताना चालतो. रिकाम्या घरात, समोर मटणाची नळी असताना, कुठलंही शिक्षण पुरं पडेलच असं नाही. म्हणून खटका आणि लॉक कायमचे. कुत्रा शहाणा झाला म्हणून ते काढू नका.

पोट भरलंय, डोकं रिकामं आहे

यूएईत जून ते सप्टेंबर कुत्र्याचे हाल असतात. पारा पंचेचाळीसच्या वर जातो, रस्ता पाय पोळेल इतका तापतो, फिरणं दहा मिनिटांवर येतं. मग दिवसभर एसीत एकटा बसलेला प्राणी करणार काय? घरातली एकमेव मजेची वस्तू म्हणजे डबा.

उजाडण्याआधी आणि रात्री उशिरा फिरवा. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसलं नाही, तर त्यालाही सोसणार नाही. आणि शोधून खायची त्याची हौस आपणच भागवा. त्याच्या जेवणातले मूठभर दाणे जुन्या टॉवेलात गुंडाळून द्या, अंड्यांच्या रिकाम्या कागदी ट्रेमध्ये लपवा, हॉलमध्ये विखरून टाका. पंधरा मिनिटं नाकाने काम केलेला कुत्रा चांगला थकतो. निघण्याआधी हे केलंत, तर तुम्ही दार लावाल तेव्हा तो पेंगत असेल.

आजी-आजोबा व्हिजिट व्हिसावर आलेले असतील, तर आणखी एक बाब. आजी पोळीचा शेवटचा तुकडा हळूच त्याला देणारच. थांबवायला गेलात, तर पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेव महाराजांची गोष्ट ती तुम्हाला ऐकवेल, आणि तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. फक्त एवढं सांगा, 'आई, घास द्यायचा तो त्याच्या वाडग्यात, त्याच्या जेवणाच्या वेळी. पोळी कोरडी, भाजी-आमटी न लावलेली.' घास काढून ठेवण्याची रीत राहील आणि ओट्याजवळ घुटमळायची सवयही लागणार नाही.

कधीच डब्याकडे न फिरकणारा कुत्रा अचानक हपापल्यासारखा खाऊ लागला, पाणी जास्त पिऊ लागला, वजन बदललं, तर ते शिस्तीचं प्रकरण नाही. जंत, मधुमेह, ग्रंथींचे आजार किंवा स्टेरॉइडची औषधं यांमुळेही असं होतं. त्याला डॉक्टरांना दाखवा.

आणि खाल्लंच तर?

ओरडू नका. त्याला बाजूच्या खोलीत ठेवा आणि सांडलेल्याकडे नीट बघा. काय गायब आहे, अंदाजे किती, केव्हा. फोटो काढा, पाकीट किंवा गोळ्यांची पट्टी जपून ठेवा. मग लगेच पशुवैद्यांना फोन करा आणि कुत्र्याचं वजन सांगा. दुबई आणि अबुधाबीत चोवीस तास चालणारे प्राण्यांचे दवाखाने आहेत. तुमच्या घराजवळचा कोणता, त्याचा नंबर आजच फ्रिजच्या दारावर लावून ठेवा.

उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजू नका. जास्त मीठ हे स्वतःच विष ठरतं. घशात बोट घालू नका, दूध-तूप पाजू नका. टोकदार हाड उलटून वर येताना अन्ननलिका फाटू शकते. उलटी करवायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील.

पुढचे पाच दिवस लक्ष ठेवा. वारंवार उलट्या, फुगलेलं पोट, शौचाला न होणं, लघवी कमी होणं किंवा गडद तांबूस होणं, हिरड्या पांढुरक्या पडणं, अंग थरथरणं, यांतलं काहीही दिसलं तर थांबू नका. 'काल तर ठीक होता' याचा अर्थ कांदा किंवा मनुकांच्या बाबतीत फारसा नसतो.

शेवटी एक विनंती. आपलं इथलं आयुष्य बदलीचं, कराराचं. नोकरी बदलते, नव्या इमारतीत कुत्र्यांना मनाई असते, आणि 'याला कुणाला तरी देऊन टाकूया' हा विचार घरात येतो. तेव्हा 'तसाही घर घाण करतो' हे कारण हळूच जोडलं जातं. यूएईच्या २००७ सालच्या प्राणी कल्याण कायद्याने पाळलेल्या प्राण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे, आणि कायदा नसता तरी ती आपलीच असती. एक लॉक, फ्रीझरमधला एक डबा आणि 'सोड' हा एक शब्द, एवढ्याने त्याच्यावरचा तो आरोप तरी पुसला जाईल.

तर आज रात्री जेवणं झाली की पिशवी शूटमध्ये गेली का, तेवढं बघा. भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि घरातल्या चार पायांच्या सदस्यालाही आमचा नमस्कार सांगा.